जुनी जिप्सी लांबच्या वाटेसाठी तयार करताना

जुनी फोर बाय फोर दारात आली की पहिल्या महिन्यात बहुतेक जण छतावरचं कॅरिअर, एलईडीचा पट्टा, जाड लोखंडी बंपर आणि जमलं तर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) आणतात. खाली मात्र ऑइल सील गळत असतात. स्पितीत किंवा लडाखमध्ये जुनी गाडी थांबते ती वीस वर्षांचा रबरी पाइप फुटतो म्हणून, व्हील बेअरिंग जातं म्हणून, नाहीतर अल्टरनेटरची वायर टर्मिनलपाशी तुटते म्हणून. त्यामुळे या लेखातला क्रम खालून वर आहे: आधी चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि ॲक्सल (चाकांचा आस), मग ब्रेक, इंजिन, वायरिंग, आणि सामानसुमान सगळ्यात शेवटी.

उदाहरण मारुती जिप्सीचं घेतलं आहे. महिंद्राची जुनी एमएम ५४०, मेजर किंवा पहिली थार असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही. जिप्सीच घेण्याचं कारण तिचं वजन. टनाच्या आसपासची गाडी, शिडीच्या आकाराची चॅसी, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग), स्वतंत्र ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना पोचवणारी गिअरची पेटी) आणि खरा लो गिअर, एवढं हलक्या अंगात देणारी दुसरी गाडी आपल्याकडे फारशी नाही. हा हलकेपणा राखणं हेच या सगळ्या कामाचं मुख्य सूत्र आहे.

कोणती घ्यावी

जिप्सी १९८५ मध्ये आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन होतं. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलं, ती ‘वाइड ट्रॅक’. १९९६ मध्ये १,२९८ सीसीची जिप्सी किंग आली, आणि २००० च्या सुमारास त्याच इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (पेट्रोलचं इंजेक्शन) मिळालं. ताकद ६० वरून ८० हॉर्सपॉवरवर गेली. उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. हिमालयात जायचं असेल तर माझी पसंती निःसंशय एमपीएफआय किंगला. उंचीवर हवा विरळ झाली की इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण स्वतःच कमी करते. कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर सोडत, पेट्रोल पीत चढते. सह्याद्री आणि कोकणापुरतंच फिरायचं असेल तर कार्ब्युरेटरवाली चालेल, आणि ती कुठलाही जुना मेस्त्री दुरुस्त करील. १,३०० सीसीच्या इंजिनाचे बरेच भाग एस्टीमशी जुळतात, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत मायापुरी ही जुन्या भागांची जुनी ठिकाणं. फक्त ब्रेक, बेअरिंग आणि सील कधीही जुने घेऊ नका.

सैन्याच्या लिलावातून आलेल्या जिप्सी बऱ्याच दिसतात. किलोमीटर कमी असले तरी त्या वर्षानुवर्षं उन्हापावसात उभ्या राहिलेल्या असू शकतात, तेव्हा सगळं रबर गेलेलं आहे असं धरूनच हिशेब करा. लिलावाचे कागद आणि नागरी नोंदणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि तो लष्करी हिरवा रंग ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे.

कागद आधी

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून, एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. २०२२ पासून नूतनीकरणाचं शुल्क बरंच वाढलं आहे, तेव्हा गाडीच्या किमतीची घासाघीस करताना तेही धरा. नूतनीकरण बाकी असलेली गाडी ‘करून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आधी त्याच्या नावावर नूतनीकरण होऊ द्या, मग पैसे द्या. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षित नंबर प्लेट बसली आहे का तेही पाहा.

फेरफाराची मर्यादाही आत्ताच समजून घ्यावी, म्हणजे नंतर पैसे वाया जात नाहीत. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. पुढे लावायच्या क्रॅश गार्डवर रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीची सूचना काढली आहे. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद हवी. मागचे बाक काढायचे असतील तर ते बोल्ट सोडून काढा, कापू नका. पुढच्या तपासणीला आरसीवरची आसनसंख्या जागेवर दिसली पाहिजे.

महाराष्ट्रातून उत्तरेकडे जाताना आणखी एक अडचण येते. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि त्यावरचे आदेश वेळोवेळी बदलत आले आहेत. निघायच्या आठवड्यात ताजी स्थिती पाहा, किंवा सरळ अजमेर, बिकानेर, हनुमानगड, भटिंडा असा पश्चिमेकडचा रस्ता धरा. थोडं अंतर वाढतं, पण तो टापू राजधानी क्षेत्राच्या बाहेर राहतो.

घेण्याआधी गाडीखाली झोपा

पॉलिश केलेल्या बॉनेटकडे बघण्यात वेळ घालवू नका. जुने कपडे घाला, सोबत लहान हातोडी आणि टॉर्च घ्या. चॅसीच्या दोन्ही लांब दांड्यांवर पुढून मागे हलके ठोके मारत जा. घट्ट लोखंडाचा खणखणीत आवाज येतो. गंजलेल्या किंवा आतून पत्रा मारलेल्या जागी आवाज बसका होतो. पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चॅसीला वेल्ड केलेले असतात ती जागा, बॉडी जिथे रबरावर टेकते त्या सगळ्या जागा आणि स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथली पट्टी या तीन जागी जास्त वेळ द्या. स्टिअरिंग बॉक्सपाशी चीर असेल तर तो सौदा सोडून द्या.

मग पायाखालचं कार्पेट उचला. पुढच्या सीटखालचा आणि पेडलजवळचा पत्रा बहुधा गेलेला असतो. काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे आणि मागच्या दरवाजाची खालची कड इथेही तसंच. पत्रा गेलेला चालतो, बदलता येतो. काळं अंडरकोटिंग ताजं ताजं मारलेलं दिसलं की मात्र संशय घ्या, आणि मालकासमोर एका जागी खरवडून बघायची परवानगी मागा.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा. गरम करून ठेवलेली गाडी बरंच लपवते. सुरू होताक्षणी निळा धूर आला आणि मिनिटभरात गेला तर व्हॉल्व्ह सील. सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंग, म्हणजे इंजिन उतरवायचं काम. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको.

फोर व्हील तपासायला फार सामान लागत नाही. दोन्ही पुढचे हब (चाक ॲक्सलला जोडणारा-सोडवणारा भाग) लॉक करा, टू हायमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) ठेवून पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या ॲक्सलकडे जाणारा लांब दांडा) फिरला पाहिजे. नाही फिरला तर एखादा हब लागत नाही. नंतरच्या गाड्यांत हवेच्या दाबावर आपोआप लागणारे हब आहेत. त्यांच्या नळ्या आणि सील म्हातारे झाले की फोर व्हीलचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत. अशा वेळी हाताने फिरवायचे हब बसवून घेणं हा उत्तम खर्च. एकदा उतरून फिरवावे लागतात, पण शंका उरत नाही. चाचणी घेताना फोर हायमध्ये (ताकद चारही चाकांना) डांबरी रस्त्यावर वळणं घेऊ नका. या गाडीत मधला डिफरन्शियल (वळणावर पुढचा-मागचा शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) नाही. पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे सांधे), गिअर यांवर ताण येतो.

गंजाचं काम

शक्य असेल तर बॉडी चॅसीवरून उतरवा. जिप्सीची बॉडी बोल्टवर बसते, चार माणसांच्या हाताने उचलली जाते. बॉडी उतरवल्याशिवाय चॅसीचा वरचा पृष्ठभाग, ब्रेकची लोखंडी नळी आणि पेट्रोलच्या लाइन दिसतच नाहीत, आणि नेमक्या तिथेच ओल साचून राहते. उतरवण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढा, आणि बोल्ट भाग लिहून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

गंजलेला पत्रा कापून त्या जागी त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करायचा. वरून तुकडा चिकटवून त्यावर लांबी (पुट्टी) भरणं म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी कोंडणं. डेंटर घाईत असेल तर हेच करतो, म्हणून या टप्प्यावर रोज गॅरेजमध्ये चक्कर मारा आणि लांबी लावण्याआधी उघडा पत्रा बघण्याचा हट्ट धरा. चॅसीवर सँडब्लास्टिंग करून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो. बंद पोकळ्यांमध्ये, म्हणजे चॅसीच्या नळीत, दरवाजांच्या आत, पायदानाच्या पेटीत, मेणाचं पातळ कोटिंग फवारून घ्या. खालच्या निथळत्या भोकांवर मात्र काहीही बसू देऊ नका. पाणी बाहेर जायची वाट मोकळी असली पाहिजे.

पुढचा ॲक्सल

सगळ्या गाडीत मी सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला सांगेन. जिप्सीच्या पुढच्या चाकाचा सगळा भार आणि वळण्याची हालचाल एका पोकळ गोळ्याभोवती होते. त्या गोळ्याच्या वर आणि खाली किंगपिनची दोन छोटी बेअरिंग, आत जॉइंट, आणि ग्रीस आत ठेवायला मागे गोल सील. ते सील फाटलं की धूळ-पाणी आत जातं, बेअरिंगच्या वाटीवर खाचा पडतात, आणि एक दिवस साठच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं थरथरू लागतं. बहुतेक गॅरेजमध्ये यावर स्टिअरिंग डॅम्पर बदलून देतात. डॅम्परने थरथर झाकली जाते, कारण तसंच राहतं. कारण शोधायचा क्रम असा: टायरचं बॅलन्सिंग, टाय रॉडचे टोक, पाट्यांचे बुश, व्हील बेअरिंग, आणि मग किंगपिन.

गोळा उघडल्यावर आत काय निघतं यावरून पुढचं कळतं. काळसर घट्ट ग्रीस असेल तर ठीक. पातळ, तेलकट रबडी वाहत आली तर ॲक्सलच्या नळीच्या टोकाचं आतलं सील गेलं आहे आणि डिफरन्शियलचं तेल गोळ्यात उतरतंय. बाहेरचं सील बदलून हे थांबणार नाही, आतलंच बदलायचं. नवीन बेअरिंग बसवताना वरच्या-खालच्या टोप्यांखालच्या पातळ पत्र्या, म्हणजे शिम, कमी-जास्त करून घट्टपणा जुळवावा लागतो. मागचं गोल सील न लावता टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवा आणि ओढा; साधारण १ ते १.८ किलोच्या ओढीला नकल (चाकासोबत वळणारा भाग) हलायला लागलं पाहिजे. त्याहून सहज हललं तर शिम काढायची, जड गेलं तर घालायची. हे मापन बरेच मेस्त्री हाताच्या अंदाजाने करतात. आपण साधा काटा घेऊन जावं आणि सोबत बसून दोन्ही बाजू सारख्या करून घ्याव्या. थरथर गेली की स्टिअरिंग इतकं हलकं आणि सरळ चालतं की हा एक दिवस सार्थकी लागतो.

दोन्ही ॲक्सलच्या श्वासनळ्या याच वेळी वर न्या. तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकुंचन पावते आणि हवा घ्यायची वाट बंद असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. चांगल्या रबरी नळीने पुढची श्वासनळी इंजिनच्या जागेत उंचावर आणि मागची दिव्याच्या मागच्या पोकळीत आणली की काम झालं. खर्च नगण्य, उपयोग मोठा.

तेलं सगळी बदला. डिफरन्शियलमध्ये जीएल ५ प्रतीचं तेल, गिअरबॉक्समध्ये जीएल ४ प्रतीचं. जीएल ५ मधली रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझरला त्रास देऊ शकतात. तेल बदलताना आधी वरचा प्लग उघडतो याची खात्री करा आणि मगच खालचा सोडा, नाहीतर तेल निघून जाईल आणि भरता येणार नाही. ट्रान्सफर केस तीन रबरी आधारांवर लटकलेला असतो; ते बसले असतील तर गिअर टाकताना धाडकन आवाज येतो. पाठोपाठ सगळे क्रॉस तपासून घ्या.

पाटे आणि टायर

पाटे उतरवून, सोडवून, घासून, मध्ये ग्रीस देऊन परत बसवले तरी जुनी जिप्सी अर्ध्याने मऊ चालते. बुश आणि शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या जोडाच्या) पिना मात्र नव्याच घ्या. गाडी उंच करायचा मोह टाळा. लांब शॅकल लावले की कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा कल) बदलतो आणि नुकतीच घालवलेली थरथर परत येते. शिवाय नियमांचा प्रश्न आहेच.

मूळ रेडियल टायर २०५/७० आर १५. अनेक जण २१५/७५ आर १५ लावतात. त्याचा व्यास मूळच्या ६६८ मिलिमीटरऐवजी ७०३ मिलिमीटर होतो, म्हणजे पाच टक्के वाढ. जमिनीपासून उंची १७ मिलिमीटरने वाढते, स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने धावत असते, आणि प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. मला ही कमाल मर्यादा वाटते. याहून मोठा टायर बॉडीला घासतो आणि लहान इंजिनाला चढावर गुदमरवतो. ऑल टेरेनची नक्षी पुरे. मड टायर डांबरावर हजारो किलोमीटर घरघरतात आणि ओल्या घाटात पकड कमी देतात. स्टेपनी त्याच मापाची, आणि तीही तितकीच नवी हवी.

ब्रेक

इथे चर्चा नको. मास्टर सिलिंडर, पुढचे कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या आणि गंजलेल्या लोखंडी नळ्या नव्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. लांब उतारावर ते उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. निघण्याआधी पूर्ण बदला. हँडब्रेक तीव्र चढावर भरलेली गाडी धरून ठेवतो का ते प्रत्यक्ष चढावर पाहा.

इंजिन, पाणी, पेट्रोल

टायमिंग बेल्ट कधी बदलला याच्या तोंडी उत्तरावर विश्वास ठेवू नका. बेल्ट, टेन्शनर, पुढचं क्रँक सील, कॅम सील आणि वॉटर पंप एकाच वेळी बदला, कारण उघडण्याची मजुरी तीच लागते. काढलेला बेल्ट, पंप, फॅन बेल्ट चालू अवस्थेत असतील तर राखीव म्हणून ठेवता येतात.

रेडिएटर उतरवून नुसता धुऊ नका, टाक्या उघडून आतल्या नळ्यांत सळई फिरवून घ्या, नाहीतर नवा कोअर बसवा. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची वाईट सवय आहे. थर्मोस्टॅट काढला की हिमालयाच्या थंडीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. नवा बसवा. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवलं की उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठण्याची भीती नाही. आणि रेडिएटरचं झाकण नवं घ्या. पाच हजार मीटरवर उघडं पाणी ८३ अंशांच्या आसपास उकळतं. गाडीतलं पाणी तिथे उकळत नाही ते फक्त झाकणाने धरलेल्या दाबामुळे. शंभर-दोनशे रुपयांच्या झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तर खिंडीच्या माथ्यावर पाणी बाहेर पडतं.

पेट्रोलची टाकी उतरवा, आत टॉर्च मारून बघा. तांबूस भुकटी दिसली तर धुऊन काढा, भोकं पडली असतील तर बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जिप्सी त्यासाठी बनलेली नव्हती. जुन्या रबरी नळ्या, पंपातले आणि कार्ब्युरेटरमधले पडदे त्याने फुगतात, तडकतात. टाकीपासून इंजिनपर्यंतची प्रत्येक नळी इथेनॉल सोसणारी घ्या, आणि पेट्रोलचा फिल्टर लगेच हाताला लागेल असा बसवा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर हे पेट्रोल टाकीत पाणी धरतं, म्हणून अधूनमधून चालवत राहा.

वायरिंग

जुन्या गाडीत मागच्या तीन मालकांनी जोडलेल्या वायरी सापडतात. चालू आहेत म्हणून सोडू नका, मूळ वायरिंगपर्यंत सगळं उकला. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते चॅसी या दोन अर्थच्या पट्ट्या नव्या, जाड आणि घासलेल्या लोखंडावर घट्ट बसवा. निम्म्या गूढ तक्रारी तिथेच संपतात.

नवीन जोडाल ते प्रत्येक उपकरण स्वतःच्या फ्यूजने, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. ५५ वॉटचे दोन जादा दिवे म्हणजे साधारण नऊ अँपिअर. ते रिलेशिवाय (जास्त प्रवाह स्वतः पेलणाऱ्या जोडाशिवाय) स्विचवर घातले तर स्विच वितळतो. रस्त्यावर या दिव्यांवर झाकण ठेवा. दुसरी बॅटरी आणि फ्रिज बऱ्याच जणांना हवासा वाटतो. लहान मुलं किंवा औषधं सोबत नसतील तर मी तो टाळायला सांगेन: फ्रिज, बॅटरी, आयसोलेटर (दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारं उपकरण) मिळून चाळीसेक किलो वजन वाढतं, आणि अल्टरनेटर या गाडीत लहान आहे. फोन, कॅमेरा, एक दिवा यांना गाडी चालताना चार्ज होणारी पॉवर बँक पुरते.

वजनाचा हिशेब

सैन्यात जिप्सी पाचशे किलोच्या वर्गातली गाडी म्हणून वापरली गेली. तो आकडा आपली कमाल मर्यादा धरा आणि कागदावर बेरीज करा. दोन माणसं १५०. वीस लिटर पेट्रोल कॅनसकट २०. चाळीस लिटर पाणी ४०. हत्यारं आणि सुटे भाग ३५. तंबू, अंथरूण, स्वयंपाकाचं सामान ३५. अडकल्यावरचं सामान २०. शिधा २०, कपड्यांच्या बॅगा २५. झाले ३४५. उरलेल्या १५५ किलोंत लोखंडी बंपर, विंच, कॅरिअर आणि छतावरचा तंबू यांतलं सगळं बसवलं की मर्यादा संपतेच, आणि त्यातलं बरंचसं वजन पार वर किंवा पार पुढे जातं. अरुंद, उंच गाडीसाठी तेच सर्वांत वाईट. छतावरचा तंबू तर मी जिप्सीला सुचवणारच नाही; जमिनीवर लावायचा साधा दोन माणसांचा तंबू तीन-चार किलोंचा येतो.

जड वस्तू पुढच्या सीटच्या लगेच मागे, जमिनीवर. बाक काढलेल्या जागेत बारा मिलिमीटर प्लायचा फळा, त्याखाली हत्यारांची पेटी आणि पाण्याचे कॅन, आणि फळ्याच्या कडांना रॅचेट पट्टा अडकवायला कड्या, एवढी मांडणी पुरते. कड्या फळ्याला स्क्रूने न लावता फरशीपर्यंत आरपार बोल्टने लावा; गाडी उलटली तर हत्यारांची पेटी डोक्यावर येते. कपाटं, खण, सरकते ओटे ही सगळी वजनाची खाती आहेत.

पेट्रोलचं गणित वेगळं मांडा. टाकी ४० लिटरची. डोंगरात, लो गिअरमध्ये लिटरला आठ धरा, म्हणजे ३२० किलोमीटर. मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. म्हणजे वीस लिटरचा एक लोखंडी कॅन हवाच, दुसरा नको. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल, पंचवीस लिटरपर्यंतच्या धातूच्या भांड्यात, परवान्याशिवाय नेता येतं. कॅन काठोकाठ भरू नका, बंद गाडीच्या आत ठेवू नका, आणि उंचीवर झाकण हळूहळू सैल करा, आत दाब साचलेला असतो. स्वयंपाकाची शेगडी कॅनपासून दूर पेटवा. आणि लहान प्रेशर कुकर नक्की घ्या. ज्या उंचीवर पाणी ८३ अंशांना उकळतं तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही.

अडकल्यावर

पुढे दोन आणि मागे एक, चॅसीला बोल्टने बसवलेले टोचन हुक आधी बघा. बंपरला किंवा पाट्याच्या शॅकलला दोर बांधून ओढू नका, आणि ट्रेलरच्या गोळ्याला तर कधीच नाही. तो तुटला की गोळीसारखा सुटतो. ताणला जाणारा पट्टा, ठरावीक वजन पेलणारे दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं, चाकाखाली घालायचे फोल्डिंग ट्रॅक्शन बोर्ड, हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि गेज एवढं पुरतं. बाटली जॅकखाली ठेवायला फूटभर लांबरुंद जाड फळी घ्या, नाहीतर वाळूत जॅकच खाली जातो. वाळूत किंवा बर्फात हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवली की निम्म्या वेळा बाकी काही लागतच नाही. डांबरावर येताच परत भरा.

ओढ्यात गाडी घालण्याआधी काठी घेऊन स्वतः चालत पार करा. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पायाला ओढत असेल तर थांबा. हिमनदीचे ओढे दुपारनंतर फुगतात. सकाळी लवकर तेच पाणी घोट्याएवढं असतं.

सुट्या भागांत फॅन बेल्ट, वरचा-खालचा रेडिएटर पाइप, पेट्रोलची दोन फूट नळी आणि क्लिपा, पेट्रोल पंप, इग्निशन कॉइल, प्लग, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, पुढच्या व्हील बेअरिंगचा संच त्याच्या सॉकेटसकट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, इपॉक्सी पुट्टी, वायर, फ्यूज. प्रत्येक भाग एकदा तरी स्वतःच्या हाताने काढून-बसवून बघा, आणि त्यासाठी जी हत्यारं लागली तीच पेटीत भरा.

सरावाची फेरी

काम संपल्यावर आधी घराजवळ पाचशे किलोमीटर, मग सगळे नट पुन्हा आवळा. पाट्यांचे यू-बोल्ट हमखास थोडे सैल झालेले असतात. नंतर पूर्ण सामान भरून, पावसाळ्यात, ताम्हिणी किंवा वरंधा घाटातून कोकणात उतरा, जांभ्याच्या कच्च्या वाटा धरा, दोन रात्री तंबूत राहा आणि दुसऱ्या घाटाने वर या. ओलावा, चिखल, लांब उतार, लांब चढ या सगळ्यांची परीक्षा एका आठवड्याच्या शेवटी होते. वनखात्याच्या हद्दीत मुक्कामाला परवानगी लागते. गावात विचारून एखाद्या शेताच्या बांधाला राहणं केव्हाही चांगलं. परत आल्यावर जी वस्तू एकदाही वापरली नाही ती उतरवा, औषधं आणि सुटे भाग सोडून.

मग उत्तरेकडे. साडेतीन हजार मीटरच्या वर असलेल्या, स्पितीतल्या काझाला पोहोचेपर्यंतच इंजिनची ताकद तिसऱ्या हिश्शाने घटलेली जाणवते, आणि पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडींत ८० हॉर्सपॉवरपैकी निम्म्याहून थोडी जास्त उरते. तिथे इंजिन बिघडलं असं समजून खोलत बसू नका. खालचा गिअर, गरज पडली तर फोर लो, आणि संयम. माणसालाही हेच लागू; उंची दिवसागणिक हळूहळू वाढवा. लडाखच्या सीमाभागासाठीचे परवाने आधीच काढून ठेवा.

घरी परतल्यावर त्याच आठवड्यात गाडी खालून प्रेशरने धुवा, विशेषतः कोकणच्या किनाऱ्यावरून आली असेल तर. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे प्लग सोडून थोडंथोडं तेल काचेच्या बरणीत घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. तेल त्याच दिवशी बदला आणि कुठल्या सीलमधून शिरलं ते शोधा. पुढचे हब उघडून ग्रीस बघा, ब्रेकचे ड्रम काढून माती झटका, आणि जे जे सापडलं ते वहीत किलोमीटरसह लिहून ठेवा.